विहिरीवर प्रयोग कसा करायचा?

आमच्याकडचे किस्से मुद्दाम कोणी जमवले नाहीत. कपाटावर धूळ बसते तसे ते बसत गेले.

आमची संस्था पर्यावरणाच्या धोरणांवर संशोधन करते. म्हणजे सरकारनं काय करावं ते आम्ही लिहितो आणि सरकार ते वाचत नाही. माझं काम इंग्रजी अहवालांचं मराठी करण्याचं. आमचे प्रमुख जोगळेकर सर. त्यांचा एक भलताच नियम आहे: लोकांना जे सांगायचं ते आधी महिनाभर आपल्या ऑफिसात करून बघायचं, मग अहवाल. आता असल्या जागी किस्से होणार नाहीत तर काय!

*

पहिला बळी लिफ्टचा. आमचा विजेचा अभ्यासक इरफान. त्यानं वीज वाचवायची म्हणून लिफ्टला कुलूप लावलं. आमचं ऑफिस चौथ्या मजल्यावर. त्याच आठवड्यात मुंबईहून एक बडे अधिकारी आले. दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही, अशी या साहेबांची ख्याती.

साहेब चार जिने चढून आले, खुर्चीत बसले आणि नुसता हात हलवला, सुरू करा म्हणून. त्यांची धाप ओसरेपर्यंत इरफानचं अख्खं प्रेझेंटेशन उरकलं! साहेब गेल्यावर सर म्हणाले, "ते कुलूप असू दे."

*

मग पाणी. खडकवासल्यातून येतं किती आणि पुणेकर उधळतात किती, यावर आमचा जाडजूड अहवाल होता. नियमाप्रमाणे आधी ऑफिसच्या नळाला मीटर बसवला. महिनाअखेर बघतो तर वापर निम्म्यावर! सगळे खूश. मला मात्र चैन पडेना. निम्मं पाणी गेलं कुठं?

शोध घेतला. आमची सगळी मंडळी चहाला पहिल्या मजल्यावरच्या सीएंकडे जात होती. कप तिथेच विसळायचे, हातपाय तिथेच धुवायचे, बाकीचंही तिथेच उरकून वर यायचे. मी सरांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "यालाच धोरणाचं यश म्हणतात. लिहा."

*

कचऱ्याचा महिना मला फार आवडला, कारण माझा स्वभाव चौकस. लोक भोचक म्हणतात, म्हणोत बापडे. ज्याचा सुका कचरा त्यानं आठवडाभर आपापल्या टेबलाखाली साठवायचा होता. चार दिवसांत कोणाचं डाएट खरं आणि कोणाचं सांगण्यापुरतं, ते उघडं पडलं.

सरांच्या टेबलाखाली मात्र चिटोरंसुद्धा नाही. मी थक्क. शुक्रवारी त्यांची बॅग टम्म फुगलेली दिसली, तेव्हा न राहवून विचारलंच. म्हणाले, "घरी नेतो. घरी प्रयोग चालू नाहीये."

*

इरफाननं एकदा परदेशातली अगदी नवी कल्पना आणली. उन्हाळ्यात दुपारी एक ते चार सगळं बंद ठेवायचं, म्हणजे विजेवरचा ताण उतरतो. सरांनी कागद परत केला. म्हणाले, बुधवार पेठेत कोणत्याही दुकानदाराला विचार, हा प्रयोग तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

*

आणि आता नंदाचं सांगते.

नंदा मूळची शहराच्या टोकाच्या धायरी गावची. आमच्याकडे भूजलावर काम करते. शहरात सामील झालेल्या गावांमधल्या जुन्या विहिरींवर तिनं जीव तोडून अहवाल लिहिला. सांगणं एकच, यातली एकही विहीर बुजवू नका. पण हे नियमात बसवायचं कसं? चौथ्या मजल्यावर विहीर आणणार कुठून? सर म्हणाले, एवढा एक अहवाल प्रयोगाशिवाय जाऊ दे.

नंदाचा चेहरा पडला. कारण तिच्या घरचीच विहीर बुजणार होती. जिच्यात ती पोहायला शिकली तीच. तिच्या वडिलांची बिल्डरशी बोलणी पक्की झाली होती आणि घरात बापलेकीचं बोलणं बंद. मला तिच्याकडे बघवायचं नाही. गावोगावच्या विहिरी वाचवायला निघालेली पोरगी, आणि तिच्याच दारातली जाणार!

एक दिवस तिचे वडील, आप्पा, चार जिने चढून थेट सरांच्या खोलीत आले. उंचेपुरे, पांढरेशुभ्र कपडे, बोटांत अंगठ्या. आता जुंपणार, असं समजून आम्ही सगळे दाराशी गोळा झालो. नंदा मागेच थांबली.

पण आप्पांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, शेती संपली, पाणी उपसायला कोणी उरलं नाही. वापर नाही म्हटल्यावर येणारे-जाणारे विहिरीत कचरा टाकतात. एकट्यानं राखण करायची तरी किती?

"विहीर ठिवा म्हनता ना? ठिवतो," ते म्हणाले. "पन तिचं पानी वापरनार कोन? तुमच्यात आदी आपन करायचं आन् मंग लोकांला सांगायचं, आसं पोरगी सांगती. विहिरीला लागून माझ्या चार खोल्या मोकळ्या हायेत. हापिस तिथं आना. आठ दिवस वाट बघतो, न्हायतर बुजवायला मशीन लावतो."

सरांचं घर आमच्या ऑफिसच्या मागच्याच गल्लीत. दुपारी घरी जाऊन गरम जेवायचं आणि पाच मिनिटं आडवं व्हायचं, एवढी एकच चैन त्या माणसाला. ऑफिस धायरीला गेलं की तीही संपणार.

सरांनी आधी आप्पांना बसायला खुर्ची दिली. मग दाराकडे बघून म्हणाले, "नंदा, बाहेर काय उभी आहेस? आत ये, आणि धायरीची बस कुठून सुटते ते सांग."