बोटभर अंतर

ऑफिसात त्याला सगळे ‘कच्चे’ म्हणत. “काय कच्चे, जेवलात का?” “अहो कच्चे, जरा पुलाकडचा नकाशा काढा.” हाक मारणाऱ्यांतल्या निम्म्यांना हे नाव कुठून आलं तेही ठाऊक नव्हतं. त्याला मात्र तारीख, वार, वेळ सगळं पाठ होतं. माणूस एक वेळ स्वतःच्या लग्नाची तारीख विसरेल, अपमानाची विसरत नाही.

मुळात तो जोडारी. टेलिफोनच्या केबलचे सांधे करणारा. केबलच्या पोटात काचेच्या तारा असतात, केसाहून बारीक. एकेक तार सोलायची, पुसायची, टोकाला टोक भिडवून वितळवायची, आणि हे सगळं रस्त्याखालच्या चेंबरमध्ये, गुडघे छातीशी घेऊन. वरून गाड्या जातात, धूळ पडते, जाणारा येणारा विचारतो, “काय हरवलं का हो आत?” सव्वीस वर्षांत त्याचा एकही सांधा पुन्हा उघडावा लागला नव्हता. हे तो कुणाला सांगत नसे. फक्त देवापुढे हात जोडले की काही मागण्याऐवजी एवढं एक वाक्य ऐकवून येई.

मग तो मंगळवार उजाडला. सकाळी अकराला खोदाईच्या यंत्राने पुलाच्या तोंडाशी दात घातले आणि रुग्णवाहिकेचा नंबर मुका झाला. खरं तर व्हायला नको होता. रुग्णवाहिका केंद्राला कंपनीने लेखी हमी दिली होती, की तुम्हाला दोन मार्ग आहेत, एक तुटला तर पापणी लवायच्या आत दुसरा भार उचलेल. नकाशावर लाल मार्ग पुलावरून आणि निळा मार्ग पुलापासून दूर, खालच्या अंगाने नदी ओलांडणारा. तुटला लाल, आणि मेले दोन्ही. चाळीस मिनिटं.

त्या चाळीस मिनिटांत पुलापलीकडच्या गल्लीतला शिंपी गेला. छातीत कळ आली, बायको एकच नंबर फिरवत राहिली, फिरवत राहिली. जोडाऱ्याच्या खाकी शर्टाची बटणं त्या शिंप्याने लावलेली होती.

चौकशी बसली. मोठ्या साहेबांनी अहवाल लिहिला, सुंदर अक्षरात: निळा मार्ग सुस्थितीत होता, परंतु त्यावरील एक सांधा कच्चा असल्याने त्याने भार घेतला नाही. सांधा कुणाचा? सहीनिशी याचा. झालं. चोर सोडून संन्याशाला सुळी. जोडाऱ्याच्या हातातलं यंत्र काढून घेतलं आणि त्याला बसवलं नकाशांच्या खोलीत, गुंडाळ्यांवरची धूळ झटकायला. त्याने अर्ज केला, की सांधा उघडून तपासा. अर्ज साहेबांच्या टेबलावर गेला आणि तिथेच विरघळला.

बायको म्हणाली, “अहो, सोडून द्या. देवाच्या काठीला आवाज नसतो.”

“आवाज नसतो ना, तेच मला नकोय,” तो म्हणाला. “मला आवाज ऐकायचाय.”

साहेबांनी त्याला नकाशांच्या खोलीत पाठवलं, ही त्यांची चूक. सव्वीस वर्षं जमिनीखाली राहिलेल्या माणसाने नकाशा कधी नीट पाहिलाच नव्हता. त्याला सांगत, अमुक चेंबर, आणि तो उतरे. आता दिवसभर समोर कागदच. एका दुपारी त्याने पुलाचा नकाशा उलगडला आणि बघतच राहिला. लाल रेघ, निळी रेघ, मध्ये बोटभर अंतर. प्रमाण लावलं तर जमिनीवर दोनशे मीटर. पण ते दोन्ही सांधे त्याने एकाच बैठकीत केले होते! एकाच चेंबरमध्ये, एकाच पाइपातून आलेल्या दोन केबलचे, एक संपला की कुशीवर वळून दुसरा.

त्याने जुन्या नकाशेवाल्याला घरी गाठलं. तो हसला. “अरे, एका पाइपात दोन केबल असल्या तर रेघा एकीवर एक चढतात, मग दिसणार काय? म्हणून बोटभर सोडून काढायची, ही आमची रीतच. आम्हाला माहीत असतं.”

“आणि बाहेरच्याला?”

“बाहेरच्याला नकाशा देतंय कोण?”

साहेब देत होते. मूळ कागदाच्या पाठीवर त्यांच्याच सुंदर अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं होतं: दोन्ही एकाच पाइपात. ग्राहकास केवळ रंगीत प्रत द्यावी.

म्हणजे चूक नव्हे. माहीत असून. आणि पुलाशी तुटलेलं दुरुस्त केलं तेव्हाही दोन्ही केबल पुन्हा त्याच पाइपात घातल्या, कारण वेगळी वाट खणली असती तर कुणीतरी विचारलं असतं, मग आधी कुठे होती?

“हा कागद वर पाठवा ना!” बायको म्हणाली.

“वर म्हणजे कुठे? साहेबांच्याच टेबलावर. एक अर्ज गिळून ढेकर दिलेला माणूस आहे तो.”

त्याच्या मनात भलतंच शिजत होतं. साहेबांनी ते स्वतःच्या तोंडाने बोलायला हवं, आणि केंद्राच्या माणसांसमोर. त्यासाठी नियंत्रण कक्षातल्या फलकावरचे दोन्ही मार्गांचे दिवे त्यांच्या डोळ्यांदेखत विझायला हवेत. पण दिवे विझले आणि तेवढ्यात खरंच कुणी नंबर फिरवला तर? शिंप्याच्या नावाने सूड उगवायचा आणि दुसरा शिंपी मारायचा, हे त्याच्या देवाला चाललं नसतं. सूड घ्यायचा तर आधी खरा दुसरा मार्ग शोधायला हवा होता.

दोन वर्षं तो सुट्टीच्या दिवशी चालला. हातात मोजचाक, खिशात वही. पहिली वाट चांगली होती, पण शेवटी पुलाच्याच चेंबरला येऊन मिळाली. दुसरी नदी वेगळ्या जागी ओलांडायची, पण वीज त्याच उपकेंद्रातून; वीज गेली की दोन्ही आंधळ्या. तिसरी सगळ्यांतून पार, आणि शेवटच्या चौकात पुन्हा जुन्या पाइपाच्या गळ्यात गळा. वाट वेगळी दिसते आणि कुठेतरी गुपचूप भेटते, भाऊबंदांसारखी. त्याने वहीत प्रत्येक वाटेपुढे एकच प्रश्न लिहिला होता: ही मेली तर ती जगेल का?

उत्तर मिळालं मेहुण्याकडे. बायकोचा भाऊ पाणीखात्यात पंप चालवायचा, वरच्या बंधाऱ्याशी. “दाजी, आमच्याकडे नदीपलीकडच्या टाकीपर्यंत एक रिकामा पाइप आहे. पंपाच्या जुन्या सिग्नलच्या तारांचा. बंधाऱ्यावरूनच जातो. बायपास रस्ता झाल्यावर तिकडे कुणी फिरकलं नाही.”

“वीज?”

“आमची स्वतःची. पंप बंद पडला तर लोक आम्हाला जिवंत ठेवतील का?”

जोडाऱ्याने तिथल्या तिथे मेहुण्याला मिठी मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मेहुणा घाबरला.

मंजुरीही साहेबांनीच दिली. चहा आला की साहेब सह्या करत, आणि चहा गार होऊ नये म्हणून वाचत नसत. ‘पाणीखात्याच्या पाइपातून चाचणीची केबल’ असा कागद त्याने सह्यांच्या गठ्ठ्यात मधोमध घातला. सही झाली. चुकून गोड बिस्किटही मिळालं. सांधे करायला ठेकेदाराचं यंत्र मिळालं, आणि सांधे त्याने स्वतः केले.

नियंत्रण कक्षात दिव्यांच्या फलकासमोर बसणारी बाई, सगळे तिला फलकवाली म्हणत, तिला त्याने सगळं सांगितलं. शिंप्याचं नाव निघाल्यावर ती नुसती म्हणाली, “त्या दिवशी मीच इथे होते.” तिने बंधाऱ्यावरची ही तिसरी वाट केंद्राच्या फोनला जोडून दिली. दोघांनी नऊ वेळा तपासली. नऊही वेळा फोन तुटला नाही.

“हिला दिवा कुठल्या रंगाचा लावू?” तिने विचारलं.

“दिवा नको. मला साहेबांना अंधार दाखवायचाय.”

हमीचं नूतनीकरण आलं. रुग्णवाहिका केंद्राकडून तपासणीला एक बाई आल्या. चष्मा नाकावर, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. साहेबांचा बेत ठरलेला: कक्षातल्या कपाटात लाल केबल उपसायची, निळी भार घेईल, टाळ्या, चहा. जोडारी कोपऱ्यात नकाशाच्या गुंडाळ्या धरून उभा.

“बाई,” तो म्हणाला, “केबल कपाटात तुटत नाही. रस्त्यात तुटते.”

“कच्चे, तुम्ही गप्प बसा,” साहेब म्हणाले.

“का? बोलू द्या,” बाई म्हणाल्या. “मग कुठे तोडून बघायची?”

“मागे तुटली तिथेच. पुलाशी दोन लाइनमन उभेच आहेत. आणि खोदाईचं यंत्र रंग बघून तोडत नाही. पुलाच्या चेंबरमध्ये जे असेल ते सगळं सोडायला सांगा.”

बाईंनी नकाशावर बोट ठेवलं. “पुलाशी लालच आहे ना? निळा तर इकडे, दूर.”

साहेबांच्या कपाळावर घाम आला. हो म्हणावं तर मेलो, नाही म्हणावं तर नकाशा खोटा. “तसा... धोका आहे,” ते म्हणाले.

“धोका कसला? दुसरा मार्ग आहे ना?”

बाई फोन करायला वळल्या तेवढ्यात जोडारी साहेबांच्या कानाशी गेला. “साहेब, अजून वेळ आहे. सांगून टाका.”

“तुझी लायकी गुंडाळ्या धरायची. तेवढ्या धर.”

“बरं,” तो म्हणाला, आणि गुंडाळ्या नीट धरल्या.

पुलाशी हुकूम गेला. फलकावर लाल दिवा विझला. पाठोपाठ निळा.

जोडारी मनात मोजू लागला. एक. दोन. सेकंदाला एक आकडा, त्या चाळीस मिनिटांचे चाळीस आकडे. साहेबांनी फलकावर टकटक केलं. नऊ. दहा. “दिवा खराब असेल,” साहेब म्हणाले. फलकवाली म्हणाली, “दिवा चांगला आहे.” अठरा. बाईंचा चेहरा पांढरा पडत चालला होता. त्यांच्याबद्दल त्याला वाईट वाटलं, पण आकडा त्याने सोडला नाही. सव्वीस. साहेबांनी टाय सैल केला. तेहतीस.

“जोडा!” साहेब ओरडले. “पुलावर सांगा, जोडा! दोन्ही एकाच पाइपात आहेत! दोन्ही तिथेच आहेत!”

जोडाऱ्याने उरलेले सात आकडेही मोजले. मग गुंडाळ्या खाली ठेवल्या, टेबलावरचा फोन उचलला, रुग्णवाहिकेचा नंबर फिरवला आणि तो बाईंच्या कानाला लावला. पहिल्याच घंटीला पलीकडून आवाज आला, “रुग्णवाहिका केंद्र, बोला.”

“फोन एक क्षणही बंद नव्हता, बाई,” तो म्हणाला. “तिसरी वाट आहे. बंधाऱ्यावरून. मंजुरी साहेबांचीच आहे.” आणि मग पेन्सिलीच्या अक्षरांचा कागद त्याने उलटा करून समोर ठेवला.

बाईंनी चष्मा सारखा करून तो वाचला. मग म्हणाल्या, “मला अंधारात ठेवलंत, हे मला आवडलेलं नाही.”

“नसेलच आवडलं,” तो म्हणाला. माफी मात्र मागितली नाही.

साहेबांची नोकरी गेली नाही. वशिला वरपर्यंत होता. पण बाईंनी हमीवर सही करायला एक अट घातली, आणि ती अट काय असावी हे जोडाऱ्याला विचारून घातली. साहेबांनी तिन्ही मार्ग स्वतः पायी चालायचे, प्रत्येक चेंबरचं झाकण उघडून आत उतरायचं, आणि जे दिसेल ते स्वतःच्या हाताने लिहून सही करायची. दाखवायला सोबत जोडारी.

पहिल्या झाकणाशी साहेब थांबले. बूट चकचकीत, ऊन डोक्यावर. “मी उतरायचं?”

“वाकल्याशिवाय दिसत नाही, साहेब.”

पुलाच्या चेंबरमध्ये त्याने तो सांधा उघडून दिला, तोच. जोडाऱ्याच्या हातची खूण आणि तारीख आत तशीच होती. सांधा मोजायचं मीटर साहेबांच्या हातात दिलं. आकडा बघून साहेब बसले तसेच, गुडघे छातीशी, आणि घामाने ओल्या झालेल्या कागदावर लिहिलं: सांधा पक्का. अक्षर मुळीच सुंदर आलं नाही. वरून कुणीतरी विचारलं, “काय हरवलं का हो आत?”

आता ऑफिसात त्याला कच्चे कुणी म्हणत नाही. साहेबांची पाठ वळली की मात्र बोटभर अंतर दाखवून लोक हसतात.

संध्याकाळी बायको म्हणाली, “आता तरी राग सोडा. देवसुद्धा क्षमा करतो.”

“देवाला चेंबरमध्ये उतरावं लागत नाही.”

“अहो, पण किती दिवस? समाधान नाही का झालं?”

त्याने वही उघडली. “शहात्तर झाकणं आहेत. चौतीस झाली. क्रम मी लावलाय. शेवटचं शिंप्याच्या दारासमोरचं आहे.” त्याने बूट पुसून दाराशी नीट लावून ठेवले. “त्याची बायको दुपारी उंबऱ्यात बसलेली असते. तिला सांगून आलोय, साहेब यायचेत म्हणून.”