सुधाकरभाऊंचं प्रेशर

सुधाकरभाऊंचं प्रेशर दोनशेच्या जवळ गेलं होतं, आणि खरं सांगते, क्षणभर मला बरंच वाटलं. म्हटलं, घ्या! आणा अजून मोठ्या शहरातून मशीन!

मी चंद्रपूरला फिजिओथेरपिस्ट आहे. सुधाकरभाऊ मोहर्लीचे, ताडोब्यात गाइड होते. मचाणावरून पडले आणि पाठीच्या वरच्या भागात मज्जारज्जू दुखावला. छातीखालचं अंग गेलं, ते सगळ्यांना दिसतं. प्रेशर जातं ते दिसत नाही. आपण उठून बसलो की रक्त पोटात, पायांत उतरतं. मग मेंदू रक्तवाहिन्यांना आवळायला सांगतो आणि प्रेशर टिकतं. भाऊंचा तो निरोपच खाली पोचत नव्हता. बसवलं की डोळे पांढरे.

माझा उपाय साधा. पोटाला रुंद पट्टा घट्ट बांधायचा, पायांत दाबाचे मोजे, आणि रोज थोडं थोडं बसवायचं. दोन वर्षं घासली तेव्हा कुठे जेवण होईपर्यंत बसायला लागले.

मग ते मोठ्या शहरात, नव्या उपचाराच्या एका ट्रायलमध्ये गेले. तिथल्या सर्जननी मज्जारज्जूवर इलेक्ट्रोड बसवले, कातडीखाली बॅटरी, बाहेरून चालवायला रिमोट. करंट थेट खालच्या नसांना जागं करतो, त्या रक्तवाहिन्या आवळतात. भाऊ परत आले ते खुर्चीत बसून तासभर गप्पा हाणत. अख्खं गाव रिमोट बघायला लोटलं. माझा नुसता जळफळाट! मोजे कोणी बघायला आलं नव्हतं कधी.

जंगलाच्या गेटवरच्या साहेबांनी भाऊंना सांगितलं होतं, तिकिटं तपासायच्या टेबलावर एक सकाळ बसून दाखवा, काम तुमचं. ती सकाळ उद्यावर आली होती आणि आज हे. चेहरा लाल, कपाळावर घाम.

"मॅडम, डोकं फुटून राह्यलं," भाऊ म्हणाले.

त्यांना ताठ बसवूनच ठेवलं आणि सर्जनना फोन लावला. ते म्हणाले, "स्टिम्युलेटर बंद करा." रिमोटने मशीन बंद केलं. प्रेशर जरा उतरलं, पण फार नाही. अशा इजेत खाली काहीही टोचलं, आवळलं, तरी प्रेशर उसळतं. मी शर्ट वर केला.

पट्टा! पार शेवटच्या खुणेपर्यंत आवळलेला.

"वनिताबाई, हा काऊन बांधला? ऑपरेशन झालं तिथं पट्टा बंद करा सांगितलं होतं ना?"

"सांगतलं होतं," भाऊंची बायको म्हणाली. "पण तुमीच त म्हणलं होतं, कोणी काई बी म्हणो, पट्टा सोडाचा नाई. ते मशीनवाले काल आले. तुमी दोन वर्सापासून येऊन राह्यल्या. उद्या गेटवर बसाचं हाय, म्हणून अजून कसला."

इतकं गोड मला कोणी कधी बोललं नव्हतं. आणि त्याच गोड बोलण्याने माणूस मरायला टेकला होता. मी पट्टा सोडला. थोड्या वेळाने प्रेशर खाली आलं, भाऊंनी पाणी मागितलं.

"जुना उपाय आता नको, मॅडम," फोनवरून सर्जन म्हणाले. मग त्यांच्या सांगण्यावरून मशीन कमी करंटवर पुन्हा सुरू केलं. 'जुना' हा शब्द मला आजही टोचतो.

दुसऱ्या दिवशी मी प्रेशरचं मशीन घेऊन गेटवर उभी. पट्टा नाही. सफारीच्या जिप्सी येत होत्या, भाऊ तिकिटं बघत होते, ड्रायव्हरांची फिरकी घेत होते. दर थोड्या वेळाने मी प्रेशर बघितलं. हललं नाही. सकाळ पूर्ण झाली आणि साहेब म्हणाले, "उद्यापासून या."

एका पर्यटक बाईंनी विचारलं, "हे कसं जमलं?"

"मोठ्या डॉक्टरनं मशीन बसवली ना," भाऊ रुबाबात म्हणाले. "त्याचीच कमाल हाय."

मी शेजारीच उभी होते. हसले, प्रेशरचं मशीन आवरलं.

पेशंट बरा व्हावा असं आमच्या धंद्यात सगळ्यांनाच मनापासून वाटतं. फक्त तो आपल्या हातून व्हावा, एवढीच अट असते. पेशंटला ती मान्य नसते.