लाळेविना सांधलेला कोसा

मी चौथी नापास. पण धाग्याची गोष्ट मला कोणी शिकवू नये.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. तंबाखूने माझ्या गालात गाठ धरली आणि नागपूरच्या दवाखान्यात किरणांचा शेक सुरू झाला. रोज थोडा, रविवारी सुट्टी, असे सहा आठवडे. मी मोहाडीचा कोष्टी. माग बंद ठेवून तिथे पडून राहणे मला पटेना. डॉक्टरीणबाईंना सरळ म्हटले, "एकाच दिवशी सगळा देऊन टाका ना बाई. रोज थोडा थोडा कायले?"

"काका, शरीराच्या कणाकणात दुपेडी धागा असतो. शेकानं तो तुटतो. चांगले कण शाबूत पेड पाहून तुटलेला सांधून घेतात. रोगट कणांना वाढायची घाई, त्यांना नीट सांधता येत नाही, ते मरतात. चांगल्यांना सांधायला वेळ द्या."

"अन् दोनी पेड एकाच जागी तुटले त?"

"मग कठीण. भलतीच टोकं जोडली जातात."

हे मी मागावर रोज पाहत होतो. ताण्याची, उभ्या धाग्यांतली, एक तार तुटली तर शेजारची पाहून जागा सापडते. दोन्ही तुटल्या की घोळ. मी मुकाट सगळे दिवस भरले.

घरी आलो तेव्हा गालाची कातडी काळी पडून सोलवटत होती. थोरला भाऊ म्हणाला, "जळलेलं कापड कोणी रफू करते का बाप्पा? माग मले देऊन टाक."

"देत नाही. आतमधी माये सांधणारे कारागीर बसले हायेत."

दोन महिन्यांत नवी कातडी आली. तोंड मात्र कोरडे ते कोरडेच. आणि कोशाच्या रेशमाची तार आम्ही थुंकीनेच सांधतो. बोटं जिभेला लावायची, टोकं पिळायची. माझी जीभ लाकूड झालेली. तारा सुटत. भाऊ रोज समोर येऊन बसे. "सांध ना. कुठं गेले तुये कारागीर?"

नागपूरला जाऊन बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "लाळेच्या ग्रंथी नाजूक असतात, काका. त्या बहुतेक नाहीच सुधरणार."

नाही तर नाही. मागाच्या खांबाला पाण्याची वाटी बांधली. नुसत्या पाण्याने तार धरेना, तेव्हा बायकोने त्यात भाताची पेज कालवली. मग धरली.

लुगडे पुरे झाल्यावर भावापुढे टाकले. "कुठं कुठं सांधलं, दाखव."

तो उजेडात बोटं फिरवत बसला. थोरला होता, म्हणून दुपारपर्यंत शोधू दिले.