ऑइल फुल होतं

मी सैन्यात व्हेइकल मेकॅनिक होतो, हुद्दा हवालदार, गाव कळमनुरी. पूरमदतीसाठी आमच्या तुकडीला हिंगोली जिल्ह्यात जायचा हुकूम आला, तेव्हा सगळ्या युनिटमध्ये दोनच माणसं खूश होती. एक मी आणि दुसरा ड्रायव्हर नायक मिलिंद. तो सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याचा. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी तपासणी झाल्यावर तो माझ्याकडे आला.

"उस्ताद, वळवताना गाडी कण्हून राहिली."

वळवताना कण्हते म्हणजे पॉवर स्टिअरिंग. ऑइल कमी असतं, नाहीतर लाइनमध्ये हवा असते, नाहीतर बेल्ट ढिला असतो. मी ऑइलचा डबा उघडला. ऑइल फुल होतं. बेल्ट जरा ढिला वाटला, तो आवळला. आवाज कमी झाला, पण गेला नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर माझी अक्कल चरायला गेली होती. मी कागदावर 'फिट' लिहून सही केली आणि चहाला गेलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला, एका वस्तीवरून एकोणीस माणसं गाडीत घेतली. मिलिंद स्टिअरिंगवर, मी शेजारी. रस्ता शेतांपेक्षा उंच, भरावावर बांधलेला. मागचा ओढा आम्ही चाकाइतक्या पाण्यातून पार केला. दोन वाजून दहा मिनिटांनी वायरलेस सेट वाजला.

"अल्फा वन, आगे की पुलिया बह गई है. वापस मुडो. ओव्हर."

पुढं पूल नाही, मागं ओढा चढतोय, दोन्ही बाजूंना पाणी. रस्त्याची रुंदी गाडीच्या लांबीपेक्षा थोडीच जास्त. तिथं गाडी फिरवायची म्हणजे थोडं पुढं, थोडं मागं, आणि दर वेळी स्टिअरिंग पार शेवटपर्यंत. मिलिंदनं पहिल्यांदा पूर्ण वळवलं तेव्हा पंप अक्षरशः किंचाळला. दुसऱ्यांदा स्टिअरिंग दगडासारखं झालं. गाडी रस्त्यावर आडवी अडकली.

माणसं खाली उतरवून मी बॉनेट उघडलं. डब्यात नुसता फेस.

"तपासणीला तर फुल होतं," मी म्हणालो.

मिलिंद खाली मान घालून म्हणाला, "मी भरून राहिलो, उस्ताद. रोज, तपासणीच्या आधी."

"काहून?"

"गाडी ऑफ रोड झाली असती. मग मला इकडं कोण आणलं असतं? माय साखऱ्यातच हाय. घरात पाणी शिरलं का, काईच कळून नाही राहिलं."

ही आमच्याकडची जुनी खोड. गाडी ऑफ रोड, म्हणजे नादुरुस्त, ठरली की ड्रायव्हरही मागं राहतो, म्हणून जे कमी असेल ते तपासणीआधी गुपचूप भरायचं. मी स्वतः तरुणपणी केलेली. मला ते ओळखता यायला हवं होतं. फुल डबा बघून मी फसलो.

डब्याकडून पंपाकडे जाणारा रबरी पाइप चाचपला. टोकाला चीर होती. गाडी उभी असताना तिथून ऑइल गळायचं, चालताना पंप तिथूनच हवा ओढायचा. आवाज त्या हवेचा. बेल्टचा काहीएक संबंध नव्हता.

चिरलेलं टोक मी चाकूनं कापलं, पाइप पुन्हा चढवला, तारेनं आवळला. मिलिंदनं सीटखालून उरलेली ऑइलची बाटली काढली. पुढची चाकं जॅकवर उचलली. इंजिन बंद ठेवून तो स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिला आणि मी बुडबुडे बघत ऑइल ओतत राहिलो. ही हवा घाईनं निघत नाही. मला भीती वाटत होती.

"साहेब, पाणी चढून राहिलं," गर्दीतलं कुणीतरी म्हणालं.

दोन पन्नासला बुडबुडे थांबले. इंजिन चालू केलं. स्टिअरिंग हलकं, आवाज नाही.

"मी चालवतो," मी म्हणालो. दुरुस्ती माझी होती, ती दगा देऊ लागली तर हाताला आधी कळावं म्हणून. सैन्यात मागं माणूस उभा केल्याशिवाय गाडी रिव्हर्स घेत नाहीत. ते काम मिलिंदकडे गेलं.

"आने दो... आने दो... बस!"

चार वेळा तसं झालं. पाचव्या वेळी 'बस' ऐकू आलं, मी ब्रेक दाबला. गाडी थांबली आणि आरशातून मिलिंद नाहीसा झाला. त्याच्या पायाखालचा भराव खचला होता.

आम्ही दोर टाकला. पाणी गढूळ आणि ओढ जबर. चार मिनिटं मी त्याला हाका मारल्या. सेटवर सांगितलं. उत्तर आलं, "सिव्हिलियन निकालो. बोट भेज रहे हैं. ओव्हर." मागचा ओढा आता चाकांच्या वर जाऊ लागला होता. मी माणसं चढवली, गाडी सरळ केली आणि ओढ्यातून बाहेर काढली. गाडी म्हणाल तशी वळत होती, आणि मला त्या स्टिअरिंगचा राग येत होता.

मिलिंद दोन दिवसांनी सापडला.

मी साखऱ्याला गेलो. त्याच्या घरात पाणी शिरलंच नव्हतं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली त्याचा वर्दीतला फोटो. मी त्याच्या आईला सगळं सांगितलं: त्यानं आवाज वेळेवर सांगितला होता, निदान माझं चुकलं, आणि मी त्याला पाण्यात सोडून निघालो. बाटलीची गोष्ट तेवढी सांगितली नाही. ती आज सांगतोय, कारण आता आईही नाहीत.

 त्यांनी विचारलं, "गाडीतले किती वाचले?"

"एकोणीस, आई."

"अन तू?"

"मी पण."

"मग ईस म्हण की. तूबी कुणाचं तरी लेकरू हाईस."

मी तिथं त्यांच्यासमोर रडलो. तेव्हापासून कुणी विचारलं तर मी वीस सांगतो. नायक मिलिंद, राहणार साखरा, त्यात नाही.