ॲग्नेस आजीचं ‘उसव’

किस्से टोपलीतल्या बेऱ्यांसारखेच साठतात. तळातले चेंगरतात, पण डाग त्यांचेच पडतात. दोन हजार नऊच्या उन्हाळ्यातले डाग अजून माझ्या हाताला आहेत.

कॅनडातल्या बर्नाबीच्या युनिव्हर्सिटीतून मी रेकॉर्डर घेऊन थेट उत्तरेला, कॅरिअर नावाच्या आदिवासी लोकांच्या वस्तीत गेले. ॲग्नेस आजी बर्च झाडाच्या सालीच्या टोपल्या करायची, स्प्रूस झाडाच्या बारीक मुळ्यांनी शिवून. “प्रोसेस सांगा ना!” मी म्हटलं. ती चार तास गप्प शिवत राहिली. मग म्हणाली, “आता तुझं मशीन टोपली करेल?”

म्हातारी माणसं सरळ उत्तर का देत नाहीत?

*

तिची नात लीना, एकोणीस वर्षांची. आजीला फुप्फुसाचा कॅन्सर. लीनाकडे हा एकच उन्हाळा. आजीनं पास केलेली एक टोपली, एवढंच तिला हवं होतं.

ती दिवसभर शिवायची. माझ्याशी इंग्लिश बोलणारी आजी तिच्या टाक्यांवरून बोट फिरवायची, चुकलेल्या टाक्यावर थांबायची आणि कॅरिअर भाषेतला एकच शब्द म्हणायची, म्हणजे उसव!

चौथ्यांदा मी भडकले. “अहो, चांगली झालीय की!”

“कौतुकानं टोपलीत बेऱ्या राहत नाहीत,” आजी म्हणाली.

*

ऑगस्टमध्ये हकलबेरीची रानफळं तोडायला डोंगरावर गेलो. अख्खा उतार करपलेला! लाकूड कंपनीनं नवी रोपं वाढावीत म्हणून झुडपांवर तणनाशक मारलं होतं. शेजारी बोर्ड.

“वाच,” आजी म्हणाली.

“माणसांना धोका नाही, असं लिहिलंय.”

तिनं एक सुकलेली बेरी तोडून माझ्यापुढे धरली. “खा मग.”

मी नाही खाल्ली.

*

“लीनाच्या आईला का नाही शिकवलंत?” मी एकदा तणतणले. “तेव्हा वेळ होता ना!”

“सहाव्या वर्षी सरकारनं तिला बोर्डिंग शाळेत नेलं. परत आली तेव्हा फक्त इंग्लिश.” आजीनं मुळी दातात धरून सोलली. “‘उसव’ म्हटलेलं तिला कळलंच नसतं.”

त्या दिवशी रेकॉर्डर मीच बंद केला.

*

सप्टेंबरात आजी हॉस्पिटलमध्ये. लीना नवी टोपली घेऊन गेली, मी सोबत. आजीनं डोळे मिटूनच टाक्यांवरून बोट फिरवलं. एका जागी थांबलं. लांब टाका मलाही दिसत होता.

बोट पुढे सरकलं. तिनं टोपली छातीवर ठेवली.

“नाइस,” ती म्हणाली. इंग्लिशमध्ये!

लीना पुढे वाकली. तिनं आजीचं बोट धरून पुन्हा त्या टाक्यावर नेलं.

“आजी, हा बघ, हा चुकलाय. उसव म्हण ना!”