अर्धवट ऐकलेला रिपोर्ट

माझी आत्या गेली सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या तळघरात बसून रिपोर्ट टाइप करते. डॉक्टर तपासण्या बघून वरच्या मजल्यावर जे बोलून ठेवतात, ते हिच्या हेडफोनमध्ये येतं. पायाखालचं पेडल दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद. हिची बोटं इतकी झपाझप चालतात, की डॉक्टरांनी खोकावं तर तेही टाइप होईल.

डॉक्टरकीचं एक बुकही न वाचता तिला हे सगळे शब्द पाठ आहेत, आणि ते ती घरी सढळ हाताने वाटते. शेवटी ‘इमिया’ आलं की भानगड रक्ताची, ‘कार्डि’ दिसलं की हृदयाची, ‘आयटिस’ म्हणजे कुठेतरी सूज. लहानपणी मला म्हणायची, “हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी. तुझी बडबड हायपर, अभ्यास हायपो!” काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, तिने ‘ब्रॅडी’ ठरवून टाकलं होतं. ब्रॅडी म्हणजे मंद. काका निवांतपणे चहा ओतत म्हणायचे, “असू दे. घरात एक तरी हळू चालणारं माणूस पाहिजे.”

अशा या काकांच्या छातीत एका सकाळी कळ आली. श्वास घेतला की बरगडीखाली सुई टोचल्यासारखं व्हायचं. आम्ही त्यांना तिच्याच हॉस्पिटलात नेलं. छातीचा स्कॅन झाला. आत्या दहा मिनिटं बाकावर बसली, तीनदा उठली आणि मला म्हणाली, “तू बस यांच्याजवळ. मला रिकामं बसवत नाही. मी खाली कामाला लागते.”

खाली तिने हेडफोन चढवला. दोन रिपोर्ट झाले. तिसऱ्याला डॉक्टरांनी काकांचंच नाव घेतलं आणि पुढे म्हणाले, “पल्मनरी एम्बोलिझमचा संशय.”

पल्मनरी म्हणजे फुप्फुसाचं. एम्बोलिझम म्हणजे रक्ताची गुठळी वाहत येऊन भलतीकडेच अडकणं. दुसऱ्या कुणाला त्या शब्दांचा अर्थ विचारावा लागला असता. हिला नाही, आणि तिथेच घात झाला. हेडफोन टेबलावर टाकून ती धावत सुटली. लिफ्टसाठीसुद्धा थांबली नाही.

ती वर आली तेव्हा काका बिस्किट खात होते. तिने त्यांचा हात घट्ट धरला. मग मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजू लागली. तिला असं मी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात वॉर्डातली नर्स आली. “काका, कंटाळलात ना? डॉक्टर घरी सोडायला तयार आहेत, पण रिपोर्टच आलेला नाही. खाली टायपिंगवाल्या कुठे गायब झाल्यात, देव जाणे!”

आम्ही तिघांनी आत्याकडे पाहिलं.

“अगं, पण संशय…” आत्या कशीबशी बोलली.

“संशय तर पहिल्या ओळीत असतोच,” नर्स म्हणाली. “तपासणी कशासाठी केली, ते नको का लिहायला? तुम्ही पुढचं ऐकलंच नाहीत?”

मी आत्याला धरून खाली नेलं. तिने पेडल दाबलं. गुठळी कुठेही नाही. फुप्फुसाच्या आवरणाला थोडी सूज, म्हणजे प्ल्युरिसी. गोळ्यांनी बरी होईल. तिने ते तीनदा ऐकलं आणि टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. मग नाक पुसून तिने अख्खा रिपोर्ट एकदाही न चुकता टाइप केला.

तासाभराने काका आपल्या पावलांनी तळघराच्या दारात आले. “चल गं घरी. आज तुला सुट्टी दिलीय म्हणे.”

आत्याने पुढचा आवाज सुरू केला होता. कुणा परक्या बाईचं नाव, आणि कसलासा संशय. तिने हात वर करून आम्हाला गप्प केलं.

“थांबा जरा,” ती म्हणाली. “हिचंही कुणीतरी वर बसलंय.”