थांबाकाकांचा अंदाज

बटाट्याच्या शीतगृहाची राखण करता करता काकांचे केस पिकले. सगळे त्यांना थांबाकाका म्हणत. माल विकू का, म्हणून कुणी विचारलं की पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचे, एक बटाटा काढून नखाने खरवडायचे आणि म्हणायचे, "थांबा." आणि खरंच भाव चढायचा. मग काकांची स्वारी आठवडाभर हवेत असायची.

त्या वर्षी सरकारने शेजारच्या देशांशी सामाईक बाजारपेठ केली, सीमेवरची जकात उठवली. काकांनी बातमी या कानाने ऐकली, त्या कानाने सोडून दिली.

हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीने भागातलं निम्मं पीक करपलं. काका खुशीत आले. माल कमी म्हणजे भाव चढणार, आयुष्यभर हेच तर पाहिलं होतं. त्यांच्या विधवा बहिणीचा माल मात्र बचावला होता आणि व्यापारी दारात उभा होता. या पैशांतून बियाणं आलं नाही, तर तिला शेत दुसऱ्याला कसायला द्यावं लागणार होतं.

"दादा, मिळेल त्या भावात देऊन मोकळी होते," ती म्हणाली.

"वेडी की काय तू? अशी टंचाई पुन्हा यायची नाही. थांब."

व्यापारी हात हलवत परत गेला.

थंडी पडली होती ती सीमेच्या अलीकडेच. पलीकडे रग्गड पिकलं होतं आणि आता वाटेत अडवणारं कुणी नव्हतं. धुतलेल्या बटाट्यांचे ट्रकच्या ट्रक येत राहिले. भाव पडला, मग आणखी पडला. काका बाजारात जायचे आणि तोंड चुकवत परतायचे. हुशारी पाजळली ती पाजळली, तीही सख्ख्या बहिणीच्या जिवावर! उन्हाळ्यापर्यंत घरीच ठेवलेल्या पोत्यांतल्या बटाट्यांना मोड फुटले आणि तिचा माल गुरांपुढे गेला.

शेत दुसऱ्याला देऊन ती शहरातल्या एका खाणावळीत कामाला लागली. काका मोठ्या मुश्किलीने हिंमत करून भेटायला गेले, तेव्हा ती बटाट्यांचा ढीग सोलत होती.

"कुठले गं हे?"

"पलीकडचे. मालकाला आपले परवडत नाहीत." तिने ओल्या हाताने केस मागे सारले. "चवीला चांगले आहेत, दादा. खोटं कशाला बोलू? बस, जेवून जा."

काका शिव्या खायच्या तयारीने आले होते. चार शिव्या पदरात पडल्या असत्या तर जीव हलका झाला असता. पण तिने निमूटपणे ताट वाढलं, पाण्याचा पेला भरला आणि पुन्हा सोलायला बसली. काका खाली मान घालून जेवले.